फोर बाय फोर लावला की अडणारा ट्रक: घरच्या दुरुस्तीचं एक प्रकरण

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं याला एक कारण आहे. या ट्रकमध्ये गंज होता, चिकटलेला क्लच होता, गळका व्हॉल्व्ह होता. ते सगळं रीतसर सापडलं आणि रीतसर दुरुस्तही झालं. ज्या दोषाने सगळ्यात जास्त दमवलं, त्यात मात्र कुठलाही भाग तुटलेला, झिजलेला किंवा गंजलेला नव्हता. मालक आणि त्यांचा भाचा मला चांगले माहीत आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागची, इंजिनाची ओढ पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटून देणारी पेटी) खोलून परत बसवून झाल्यावर मी या कामात आलो. त्याआधीचा भाग दोघांच्या बोलण्यातून आणि भाच्याने ठेवलेल्या वहीतून घेतला आहे.

पार्श्वभूमी

ट्रक पन्नाशीतला. लॅडर चॅसी, चारही कोपऱ्यांना पाट्यांच्या स्प्रिंगा, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चार गिअर आणि त्यामागे हाय-लो असा दोन वेगांचा ट्रान्सफर केस. मागे लोखंडी हौदा. पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे फ्री व्हील हब, म्हणजे चाक एक्सलला जोडायचे किंवा त्यापासून मोकळं सोडायचे खटके. ब्रेक चारही ड्रमचे आणि एकाच मास्टर सिलिंडरवर चालणारे, म्हणजे कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले.

गाडी बरीच वर्षं उघड्या शेडमध्ये, मातीवर, हँडब्रेक ओढलेल्या अवस्थेत उभी होती. तिचे आधीचे मालक एकाहून अधिक. प्रत्येकाने आपापल्या अडीअडचणीप्रमाणे काहीतरी बदललेलं आणि कोणीच काही लिहून ठेवलेलं नाही. जुनी गाडी घेताना आपण लोखंड घेतो असं वाटतं, पण त्या लोखंडासोबत अनोळखी माणसांनी केलेले जुगाडही येतात. पुढे सगळा घोळ तिथूनच झाला.

मालक व्यवसायाने मेकॅनिक नाहीत, पण हातात पाना धरायची सवय आहे. भाचा दुचाक्या खोलत मोठा झालेला. अपेक्षा साधी होती: गाडी रस्त्यावर सुरक्षित चालावी, चिखलात आणि चढावर चारही चाकांनी ओढावी. प्रदर्शनात मांडायची नव्हती.

पहिला निर्णय: किती खोलायचं

तीन मार्ग समोर होते. पहिला, इंजिन सुरू करायचं, ब्रेक धरतील इतपत करायचे आणि चालवत चालवत बाकीचं बघायचं. दुसरा, केबिन आणि हौदा उतरवून चॅसी पूर्ण उघडी करायची, सगळं साफ करून रंगवून परत जोडायचं. तिसरा, गाडी चाकांवरच ठेवायची आणि एका वेळी एकच व्यवस्था हातात घ्यायची. ती पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

भाच्याचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता. "मामा, आता नाही केलं तर कधीच होणार नाही," हे त्याचं म्हणणं. मामांनी शेडची लांबी-रुंदी मोजली. सुटी केलेली गाडी जोडलेल्या गाडीच्या दुपटीहून जास्त जागा खाते: केबिन एकीकडे, हौदा एकीकडे, मध्ये चॅसी आणि उरलेल्या जागेत डबे. घरच्या कामात माणसांचा वेळ तुकड्या-तुकड्याने मिळतो. दोन बैठकांमध्ये महिनाभराचं अंतर पडलं की कुठला बोल्ट कुठला, हे आठवत नाही. माझ्या पाहण्यात घरी अर्धवट राहिलेल्या बहुतेक गाड्या पूर्ण सुट्या केलेल्या होत्या. पैशाची तंगी हे कारण नंतर आलं. त्यांनी तिसरा मार्ग घेतला, तो योग्यच होता. त्याची एक किंमत होती, ती म्हणजे केबिनखालच्या चॅसीच्या वरच्या बाजूला ब्रश पोचत नव्हता, तिथे पुढे फक्त मेणाचा फवारा मारता आला.

इंजिन: मोजून घेतलेला निर्णय

बंद पडलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारायचा मोह सगळ्यांना होतो. इथे तो आवरला. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडलं, एक-दोन रात्री मुरू दिलं आणि क्रँकच्या पुलीवर लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवलं. आधी जरासं हललं, मग मागे-पुढे करत करत पूर्ण फिरलं. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असताना स्टार्टर मारला असता तर रिंग तुटायची शक्यता मोठी होती.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर आत किती दाब धरतो, ते मोजलं. तीन सिलिंडर ११५ ते १२० पीएसआयच्या दरम्यान, चौथा मात्र जेमतेम ७०. इथे नेहमीचा प्रश्न आला: रिंग गेली की व्हॉल्व्ह? त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजलं. रिंग झिजलेली असेल तर तेल फटीत बसतं आणि आकडा चांगला वर चढतो. इथे तो ७५ च्या पुढे गेला नाही. मग पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील असा आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली. फुसफुस सायलेन्सरच्या तोंडाशी ऐकू आली. कार्ब्युरेटरपाशी आली असती तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडाशी आली असती तर रिंगा. म्हणजे दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा.

तेवढ्यावरून इंजिन बाहेर काढायचा बेत रद्द झाला. फक्त हेड उतरवलं. गाडी बंद पडली तेव्हा तो व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, सायलेन्सरमधून आलेल्या दमट हवेने त्याच्या सीटवर खड्डे पाडले होते. सीट घासून घेतली, व्हॉल्व्ह नवा टाकला, हेड सपाट आहे का ते पट्टीने पाहिलं, नवं पॅकिंग टाकून बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळले. इंजिन सुरू झालं.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली होती. क्लचचं पेडल खाली दाबून लाकडी दांडक्याने अडकवून ठेवलं, टॉप गिअर टाकला आणि इंजिन बंद ठेवून दोघांनी गाडी मागे-पुढे ढकलत हलवली. काही वेळाने 'टक' असा आवाज येऊन प्लेट सुटली. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये गाडी पळवत ब्रेक मारून क्लच सोडवायची एक पद्धत सांगितली जाते. ब्रेक नसलेल्या गाडीत ती करायची नसते, एवढं सांगून पुढे जातो.

चॅसीचा गंज आणि वेल्डिंग कोणी करायचं

गंज डोळ्यांनी शोधायचा नसतो. पोपडे खरवडून छोट्या हातोडीने ठोकत गेलं की चांगलं लोखंड खणखणतं आणि खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं. तिथे टोच्या लावून दाबायचं. दोन जागा सापडल्या. दोन्ही मागच्या पाट्यांच्या पुढच्या हँगरपाशी, जिथे आडवा मेंबर चॅसीला जोडतो आणि पत्रा दुहेरी होतो. त्या दुहेरी पत्र्यात वर्षानुवर्षं माती अडकून ओल धरून बसली होती. कारखान्याने पाणी निघून जायला ठेवलेली भोकं चिखलाने लिंपली होती. बाहेरून रंग जागेवर, आत टोच्या आरपार.

पर्याय तीन होते: दुसरी चॅसी मिळवायची, खराब भाग कापून नवा तुकडा घालायचा, किंवा वरून जाड पट्टी मारायची. वरून पट्टी मारणं सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट. गंज आत जिवंत राहतो, दोन पत्र्यांत आणखी एक फट तयार होते आणि पुढच्या वेळी दोष पट्टीखाली लपतो. त्यांनी कापून नवा तुकडा घालायचं ठरवलं.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. भाच्याकडे छोटं वेल्डिंग मशीन होतं आणि पत्र्यावर त्याचा हात बरा बसला होता. पण चॅसीचा हा भाग मागच्या एक्सलचा सगळा ओढा-ताण घेतो. वरून सुंदर दिसणारा आणि आत न मुरलेला टाका इथे चालत नाही. बराच वाद होऊन ठरलं की तयारी आणि फिटिंग घरी करायची, पक्का टाका मात्र रोज जाड लोखंडावर काम करणाऱ्या वेल्डरकडून मारून घ्यायचा. या सगळ्या प्रकरणातला हा मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

तयारी नीट झाली. कापण्याआधी चॅसीच्या ठरावीक बिंदूंतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजले. फरक ३ मिलिमीटरच्या आत होता, म्हणजे चॅसी वाकलेली नव्हती. कापताना ती सरकू नये म्हणून अँगल लावून बांधून घेतली. पेट्रोलची टाकी आधीच काढून लांब नेऊन ठेवली होती. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवल्या. नव्या तुकड्याची टोकं सरळ उभी न कापता तिरकी कापली, कारण उभा टाका चॅसीवर आडवी रेघ ओढल्यासारखा होतो आणि तडा त्याच रेघेने जातो. वरच्या आणि खालच्या कडेवर आडवा टाका मारला नाही. टाके गार झाल्यावर आत मेणाचा फवारा मारला आणि पाण्याची भोकं मोकळी केली.

ब्रेक

जुन्या लायनिंगच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम हवा मारून साफ केले नाहीत. पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने पुसून फडकी पिशवीत बांधली. चारही व्हील सिलिंडर, रबरी नळ्या आणि लोखंडी पाइप नवे टाकले. यात काटकसर करायला जागाच नव्हती.

विचार करावा लागला तो मास्टर सिलिंडरचा. मूळचा एकेरी ठेवायचा की दुहेरी बसवायचा, ज्यात पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे राहतात? आपल्या गाडीच्या नोंदणीच्या नियमांत असा बदल बसतो का, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. मग मूळच्याच व्यासाचा दुहेरी सिलिंडर शोधला. व्यास मोठा घेतला असता तर पेडल कडक झालं असतं आणि पाय जास्त दाबावा लागला असता. ऑइल डॉट ४ भरलं. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळत नाही, त्यामुळे कुणी अर्धी बाटली 'वर टाकायला' आणून दिली तर नीट वाचून घ्यायचं.

खरी अडचण

गाडी रस्त्यावर टू-व्हीलमध्ये छान चालली. इथे वहीत भाच्याने वेगाची एक नोंद केली आहे: "मीटरवर ५५, फोनवर ५०. टायर वेगळ्या मापाचे असतील." नोंद करून तो पुढे गेला.

पुढचे हब त्या वेळी नीट नव्हते. डावा बसत होता, उजवा ग्रीस सुकून अडकला होता आणि 'लॉक'वर फिरवला तरी आत बसत नव्हता. तरी एकदा मातीवर फोर-व्हील टाकून पाहिलं होतं आणि काही खटकलं नव्हतं. नंतर उजवा हब खोलून साफ केला, परत बसवला. आणि त्यानंतर अडचण सुरू झाली. मोकळ्या मातीवर, सरळ रेषेत, फोर-व्हील टाकल्यावर काही अंतरात स्टिअरिंग जड व्हायचं, गाडी हिसके द्यायची, आणि लिव्हर टू-व्हीलमध्ये परत ओढला तर यायचाच नाही. कधी जोराने ओढला की 'धाड' आवाज करून सुटायचा.

पार्ट-टाइम फोर-व्हील गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना पक्के जोडले जातात. मध्ये फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. डांबरावर हा फरक घसरून निघत नाही, म्हणून शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि लिव्हर अडकतो. म्हणूनच अशा गाडीत कडक रस्त्यावर फोर-व्हील टाकायची नसते. पण इथे माती होती आणि गाडी सरळ चालली होती. पीळ बसायला कारणच दिसत नव्हतं.

चुकीच्या दिशेने गेलेला निर्णय

दोघांनी ट्रान्सफर केसवर बोट ठेवलं. लिव्हर तिथे, आवाज तिथून, शिवाय त्या पेटीतून तेल गळत होतं. त्यांच्यासमोर पर्याय होते ते असे: ट्रान्सफर केस खोलायचा, जुना पण चालणारा दुसरा ट्रान्सफर केस मिळवायचा, किंवा अजून तपासत राहायचं. तिसऱ्या पर्यायावर फारसं बोलणं झालं नाही.

काम त्यांनी निगुतीने केलं. पेटी जड असते, म्हणून ट्रॉली जॅकवर लाकडाची चौकट करून ती खाली उतरवली. गाडी स्टँडवर होती, जॅकच्या भरवशावर नव्हती. थ्रस्ट वायसर झिजलेले निघाले, एका बेअरिंगवर खड्डे होते, सील सगळे कडक झालेले. सगळं नवं टाकलं, लिव्हरच्या गोळ्या-स्प्रिंगा बदलल्या. परत बसवलं. मातीवर नेलं. तसंच.

मी तिथे आलो तो या टप्प्यावर. झिजलेलं सापडलं म्हणजे दोष सापडला, असं या कामात सहज वाटतं. पन्नास वर्षांच्या गाडीत कुठलीही पेटी उघडा, काहीतरी झिजलेलं निघणारच. ते या तक्रारीचं कारण आहे का, हा वेगळा प्रश्न असतो.

फेरे मोजल्यावर

वही चाळताना मी मीटरच्या नोंदीवर थांबलो. टायर मोजले: चारही एकाच मापाचे, आणि दारावरच्या पाटीवर लिहिलेलं मापही तेच. मग मीटर दहा टक्के पुढे का? या गाडीत मीटरची केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवरून निघते. मीटर पुढे धावतंय म्हणजे तो शाफ्ट असायला हवा त्यापेक्षा जास्त फिरतोय, म्हणजे मागचा एक्सल मूळचा नसावा.

तपासणी दहा-पंधरा मिनिटांची. ट्रान्सफर टू-व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल, बाकी चाकांना दगड. मागचं एकच चाक वर उचललं, शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण केली आणि चाक सावकाश बरोबर दोन फेरे फिरवलं. दोनच का, तर दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना डिफरन्शियलमुळे वर उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा, एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, एक. एकच फेरा फिरवून आकडा काढणारे इथे फसतात. शाफ्ट फिरला पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. पुढे, दोन्ही हब लॉक करून, तेच केलं. शाफ्ट पाच फेऱ्यांना किंचित कमी पडला.

भाचा काही क्षण दोन्ही खुणा बघत राहिला. "मामा, हे दोन एक्सल एका गाडीचे नाहीत."

डिफरन्शियलची झाकणं उघडून दात मोजले. मागे क्राऊनला ४३, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३७५. पुढे ३९ आणि ८, म्हणजे ४.८७५. फोर-व्हील टाकल्यावर दोन्ही शाफ्ट सारखेच फिरतात, त्यामुळे मागची चाकं १०० फेरे घेतात तेव्हा पुढची ११० घेऊ पाहतात. सरळ रस्त्यावरसुद्धा दर दहा मीटरला पुढच्या टायरांना साधारण एक मीटर घसरून काढावं लागतं. मोकळ्या मातीलाही इतकं घसरणं झेपत नाही.

हे दोन्ही आकडे जुन्या फोर बाय फोर जगात फार ओळखीचे आहेत. युद्धकाळातल्या विलीज जीपचा एक्सल ४.८८ चा होता आणि १९४५ मध्ये आलेल्या नागरी सीजे-२ए चा ५.३८ चा. बाहेरून पाहून एक्सल कुठल्या आकड्याचा, हे सांगता येत नाही. एक्सलवर आकड्याची छोटी पट्टी असते, पण या गाडीत मागची पट्टी कोणीतरी केव्हाच काढलेली होती.

आणि हबचं काय? मागचा एक्सल कधीतरी बदलला गेला तेव्हापासून हा दोष असणार. पण उजवा हब अडकलेला असल्यामुळे पुढचं डिफरन्शियल सगळा फरक त्या मोकळ्या बाजूला फिरवून टाकत होतं. पुढची चाकं ओढतच नव्हती, म्हणून पीळही बसत नव्हता. हब दुरुस्त झाला आणि दोष उघडा पडला. फ्री व्हील हब मुळात आले ते युद्धातून उरलेल्या जीप रोजच्या रस्त्यावर आल्यावर, पुढचे एक्सल विनाकारण फिरू नयेत म्हणून. वॉर्न कंपनीने असे हब १९४८ पासून बनवले. इथे त्यातलाच एक बिघडून दुसरा बिघाड झाकत होता. आधीच्या मालकाने तो मुद्दाम तसा ठेवला होता की काय, अशी शंका मला अजून आहे.

दुसऱ्यांदा पर्याय

आता चार वाटा. मागचा क्राऊन-पिनियन बदलून ४.८७५ करायचा. पुढचा बदलून ५.३७५ करायचा. मागचा सबंध एक्सल बदलायचा. किंवा पुढचा शाफ्ट काढून ठेवून गाडी कायमची टू-व्हील वापरायची. शेवटची वाट मालकांनी लगेच नाकारली.

५.३७५ ठेवण्याला एक चांगलं कारण होतं: इंजिन लहान, गाडी जड, चढावर आणि लो गिअरमध्ये ओढ जास्त मिळाली असती. पण त्यासाठी पुढचा क्राऊन-पिनियन बदलावा लागणार होता, आणि ते काम घरच्या ओट्यावरचं नाही. पिनियन किती खोल बसवायचा ते शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरतं, दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात डायल गेजने मोजावी लागते, बेअरिंगचा ताण बसवावा लागतो आणि दातांना रंग लावून छाप बघावा लागतो. यात चुकलं तर एक्सल आधी कण्हतो आणि मग दात सोडतो. शिवाय क्राऊन आणि पिनियन जोडीनेच येतात, एक नवा एक जुना चालत नाही.

म्हणून जुना पण धडधाकट, ४.८७५ चा सबंध मागचा एक्सल शोधायचं ठरलं. मी एकच अट घातली: पट्टीवर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही, जागेवर फेरे मोजायचे आणि मगच गाडीत चढवायचा. भाच्याने खडू खिशात ठेवला. पहिला पाहिलेला एक्सल पट्टीवर बरोबर आणि मोजल्यावर चुकीचा निघाला. दुसरा बरोबर निघाला. पाट्यांच्या बैठकीतलं अंतर, शाफ्टच्या फ्लँजची भोकं आणि ड्रमचं माप जुळतंय हेही तिथेच पाहिलं.

एक्सल बसवताना यू-बोल्ट नवे घेतले. जुने एकदा ताणले गेले की परत तसे धरत नाहीत. गाडी पाट्यांवर पूर्ण बसल्यावर, म्हणजे चाकं जमिनीवर आल्यावर, ते शेवटचे आवळले. काही अंतर चालवल्यावर परत पाहिले, तेव्हा दोन नट थोडे फिरले. ब्रेकच्या नळ्या जोडून एअर पुन्हा काढावी लागली. मागची नवी लायनिंग जुन्या एक्सलवरून काढून इकडे आणली, ड्रम मात्र नव्या एक्सलचेच ठेवले, कारण त्यांच्यात घासून गेलेली कड कमी होती.

परिणाम

मातीवर फोर-व्हीलचा लिव्हर आता दोन बोटांनी आत जातो आणि दोन बोटांनी बाहेर येतो. मीटर आणि फोन जवळपास एकच आकडा दाखवतात. चॅसीच्या टाक्यांना दर सर्व्हिसला ब्रश मारून, उजेड पाडून बघायचं ठरलं आहे, आतापर्यंत तडा दिसलेला नाही. इंजिनाचं चौथं सिलिंडर इतरांच्या पंगतीत आलं. ट्रान्सफर केस गळत नाही; म्हणजे तो खोलण्याचे श्रम अगदीच वाया गेले असं म्हणता येणार नाही, फक्त त्याची घाई नव्हती.

रंग अजून झालेला नाही. केबिनवर प्रायमर, दारांवर लांबी भरलेली, हौदा जसाच्या तसा. मालकांना त्याचं काही वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एक्सलचे फेरे मोजणं हे गाडी घेतल्यावरच्या पहिल्याच तपासणीत असायला हवं होतं. टायरची हवा बघतो तितकंच सोपं काम आहे ते. ज्या गाडीचा इतिहास माहीत नाही, तिथे दोन्ही एक्सल एकमेकांचे आहेत हे गृहीत धरायला आधार नसतो.

मीटरची नोंद झाली, पण तिला लगेच एक उत्तर जोडलं गेलं आणि तो प्रश्न मिटला. टायरवर माप छापलेलं असतं. ते वाचून उत्तर खरं की खोटं हे तिथल्या तिथे कळलं असतं. इंजिनाच्या बाबतीत याच दोघांनी तेल टाकून, हवा सोडून, ऐकून मगच हेडला हात लावला होता. तीच शिस्त मागच्या भागात टिकली नाही. मला वाटतं इंजिनाला मोजायची साधनं ओळखीची असतात, गेज असतो, आकडे असतात. ट्रान्सफर केसला तसं काही नाही, म्हणून हात थेट पान्याकडे जातो. एक सोपी चाचणी होती. हब सुटे करून फोर-व्हील टाकायचं आणि चालवून बघायचं. तेव्हा अडलं नाही म्हणजे लिव्हर आणि आतले गिअर आपलं काम करताहेत, आणि दोष पुढच्या-मागच्या चाकांच्या फरकात आहे, हे पेटी न उघडता कळलं असतं.

हब दुरुस्तीनंतर लगेच अडचण आली, तेव्हा 'शेवटी कशाला हात लावला' हा प्रश्न दोघांनी विचारला होता. उत्तर 'हबला' असंच आलं, आणि हब परत खोलून पाहिल्यावर तो ठीक निघाला म्हणून त्याला सोडून दिलं. हब ठीक झाल्यामुळे गाडीत आता काय नवीन घडतंय, हा पुढचा प्रश्न राहून गेला.

वेल्डिंग बाहेरून करून घेण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच ठेवीन, आणि गाडी चाकांवर ठेवूनच काम करण्याचाही. मागचा एक्सल बदलायची वेळ आली तेव्हा गाडी चालत होती, ब्रेक धरत होते, आणि जोडलेला एक भाग काढून दुसरा घालायचा होता. चॅसी उघडी पडलेली असती आणि सगळे भाग डब्यात असते, तर हा दोष गाडी पूर्ण जोडून रंगवल्यानंतर सापडला असता.

काढलेला ५.३७५ चा एक्सल शेडच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्यावर भाच्याने मोठ्या अक्षरांत ४३/८ असं रंगवून ठेवलं आहे. पुढचाही त्याच आकड्याचा मिळाला, तर ओढ वाढवायचा विचार मामांच्या डोक्यात आहे. तेव्हा मीटरच्या केबलचं गिअर बदलावं लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.